पन्नास लाखांची गाडी, अडीच लाखांची चाकं आणि आपला रस्ता

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या आहेत त्यांनी पहिल्या चार ओळी वाचून 'जळतो हा' अशी कमेंट टाकायची घाई करू नका. शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल टाका.

ओतूरला महामार्गाच्या कडेला अर्धा तास उभं राहिलं की हल्ली एक गोष्ट डोळ्यात भरते. गाड्या वाढल्या हे आता जुनं झालं. आता गाड्यांची चाकं वाढलीत. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ एन, थार, कुठे एखादी डिफेंडर. कंपनीने दिलेली चाकं काढून टाकलेली आणि त्या जागी वीस-बावीस इंचाच्या काळ्याभोर रिमा. नाहीतर ट्रॅक्टरला शोभतील असले खडबडीत टायर, मडगार्डच्या चार बोटं बाहेर आलेले. गाडी अजून डुंबरवाडीला असते तोवर तिच्या टायरचा घूं-घूं आवाज इकडे पोचतो. काळी काच, फॅन्सी नंबर आणि बाहेर आलेली चाकं, एवढं झालं की गाडी 'रेडी' झाली असं पोरं म्हणतात.

पैसा कुणाचा, हा माझा प्रश्न नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजाराच्या पुढे गेलं तेव्हा आपल्या तालुक्यात घरं झाली, कर्ज फिटली, ट्रॅक्टर आले आणि गाड्याही आल्या. आयुष्यभर पिकअपच्या फळीवर बसून बाजाराला गेलेल्या माणसाने एकदा एसी गाडीत बसावं, यात वाईट काय आहे? उलट बरं वाटतं. गाडीचा मान आपल्याकडे किती मोठा आहे हे मी सांगायला नको. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर हुंड्यातल्या फॉर्च्युनरची चर्चा महाराष्ट्रभर झाली. गाडी कुठवर जाऊन पोचते ते तेव्हा सगळ्यांनी बघितलं. पण तो विषय वेगळा आणि फार मोठा, आज त्यात शिरत नाही. आज फक्त चाकांबद्दल.

आधी हिशोब. मोठ्या एसयूव्हीला वीस इंची रिमा आणि त्याचे चार टायर घ्यायचे तर दोन-अडीच लाख सहज जातात, ब्रँड मोठा असेल तर त्याहून जास्त. आपल्या यार्डात कांद्याला दहा किलोला दीडशे रुपये मिळाले असं धरा. अडीच लाखांचे झाले साडेसोळा टनांच्या वर. म्हणजे पन्नास किलोच्या सव्वातीनशे पिशव्या, चार चाकांवर. बरं, स्वतःचा कांदा आहे, स्वतःची गाडी आहे, कुणी काही बोलायचं कारण नाही. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे.

अडचण पुढे आहे.

तुमच्या टायरवर बाजूला एक आकडा असतो. फॉर्च्युनरच्या साध्या मॉडेलला २६५/६५ आर १७. यातला २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आता त्याच गाडीच्या फोर बाय फोर मॉडेलला कंपनी २६५/६० आर १८ देते. रिम एक इंचाने मोठी झाली, पण भिंत कमी केली. गणित करून बघा. पहिल्या चाकाची पूर्ण उंची ७७६ मिलिमीटर, दुसऱ्याची ७७५. फरक एका मिलिमीटरचा! कंपनीतल्या इंजिनिअरला रिम मोठी दाखवायची होती, पण चाकाची एकूण उंची त्याने हलू दिली नाही. का हलू दिली नाही, सगळी गोष्ट इथेच आहे.

कारण गाडीचा ब्रेक, गिअर, स्पीडोमीटर, एबीएस, गाडी घसरायला लागल्यावर सावरणारी यंत्रणा, सगळं त्या उंचीवर बेतलेलं असतं. आपल्याकडची आवडती साईज म्हणजे २८५/७० आर १७. तिची उंची होते ८३१ मिलिमीटर. मूळ चाकापेक्षा सात टक्के जास्त. मीटर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी त्या हिशोबाने ८५-८६ ने पळत असते. कुणी म्हणेल, मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतं. खरं आहे, कंपन्या ते तसंच ठेवतात. पण ती जी थोडीशी राखीव ठेवलेली असते ती तुम्ही खाऊन टाकली आणि वर उधारी केली. आणि वेग सात टक्के वाढला तर धडकेची ताकद सात टक्के वाढत नाही, चौदा टक्क्यांच्या वर वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेत शिकलोय आपण हे.

ब्रेकचं बघा. डिस्क तेवढीच राहिली, चाक मोठं झालं. पहार आखूड धरून दगड हलवायला जितका जोर लागतो तसं ते आहे. तेवढाच ब्रेक दाबला तर रस्त्यावर पकड कमी मिळते. वर चाकाचं वजन. एका चाकामागे आठ-दहा किलो वाढणं काही विशेष नाही, आणि ते वजन गाडीत ठेवलेल्या पोत्यासारखं गप्प बसलेलं नसतं, ते गरगर फिरत असतं. फिरणारं जड चाक पळवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही.

मला याचं फार नवल वाटतं, कारण हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपला जुन्नर-आंबेगाव म्हणजे बैलगाड्यांचा मुलूख. घाटात बारी अकरा-बारा सेकंदांत बसवायची तर गाडा हलका पाहिजे, चाक हलकं पाहिजे, हे इथल्या दहा वर्षांच्या पोराला कळतं. जुन्या सुतारांना विचारा, लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना ती लाल होईपर्यंत तापवायची, चढवायची आणि पाणी मारून आवळायची. जरा माप चुकलं तर चाक डुगायचं आणि बैलांच्या खांद्यावर यायचं. ज्या माणसाने गाड्याच्या चाकात तोळ्याचा फरक चालू दिला नाही त्याचाच नातू पन्नास लाखांच्या गाडीला अंदाजाने चाक बसवतो. का, तर रीलमध्ये भारी दिसतं म्हणून.

दुसरा प्रकार उलटा. उंची तीच ठेवायची आणि रिम बावीसची टाकायची. मग टायरची भिंत बारीक होते. २६५/४० आर २२ घेतला तर भिंत उरते १०६ मिलिमीटर, मूळच्या गाडीत ती १७२ होती. पुण्यात सिमेंटच्या रस्त्यावर ठीक आहे. माळशेज घाटात पावसाळ्यात, धुक्यात, पाणी भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळली की मधली रबराची गादीच नाही. टायर फुगतो, रिम वाकते, हलकी असली तर तडकते. आळेफाट्यावरच्या एका टायरवाल्याला विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, "दादा, शहाण्या माणसाला मी सांगतो नका टाकू. मग तो दुसरीकडं जाऊन टाकतो. मग मी पण आता सांगत नाय."

आणि स्टेपनी? बाहेरची चार चाकं वाढली, खाली टांगलेली स्टेपनी मूळ साईजचीच राहते, कारण मोठं चाक त्या जागेत मावत नाही. फोर बाय फोर गाडीला एका बाजूला उंच आणि एका बाजूला बुटकं चाक लावून चालवलं तर डिफरन्शियलचं काय होतं ते मेकॅनिकला विचारा. बरेच जण मग स्टेपनी घरीच ठेवतात. घाटात रात्री अकरा वाजता याचा अर्थ काय होतो ते मोरोशीकडून वर आलेल्या माणसाला सांगायला नको.

हे सगळं गाडीत बसणाऱ्याचं नुकसान झालं. तो म्हणेल माझं मी बघून घेईन. माझी खरी तक्रार गाडीच्या बाहेरच्या माणसाची आहे.

चाक मडगार्डच्या बाहेर आलं की चिखल, खडी, पाणी अडवायला काही उरत नाही. पावसाळ्यात अशी गाडी शेजारून गेली की दुचाकीवाल्याच्या तोंडावर काय येतं ते आपल्यातल्या निम्म्या लोकांनी चाखलंय. कॉलेज सुटतं तेव्हा अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयाची पोरं-पोरी रस्त्याच्या कडेने चालत असतात. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी बघायला सगळा मुलूख लोटतो, रस्ता मुंगीला जागा देत नाही. अशा गर्दीतून मडगार्डच्या चार बोटं बाहेर फिरणारं चाक जातं, त्याच्या शेजारी लहान लेकराचा पाय असतो. खडबडीत मड टायर चिखलासाठी बनवलेत. ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा कमी, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. आणि आपली निम्मी वाहतूक पावसाळ्यात ओल्या डांबरावरच असते ना!

या रस्त्याला काय म्हणायचं ते आपण बघितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये ओतूरजवळ कल्याण-नगर महामार्गावर एका रात्री आठ जीव गेले. १७ जानेवारी २०२५ ला नारायणगावजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर नऊ गेले. त्यात कुणाची चाकं मोठी होती असं मी अजिबात म्हणत नाही, कारणं वेगळी होती. एवढंच म्हणतो, की या रस्त्यावर आधीच चुकीला जागा नाही. मोटारसायकल, ऊसाची टायरगाडी, कांद्याची पिकअप, एसटी आणि पायी चालणारी माणसं एकाच पट्ट्यात आहेत. इथे थांबायला दोन मीटर जास्त लागणं म्हणजे काय ते समजून घ्या.

आता कायदा. बऱ्याच जणांना वाटतं की आरटीओ फक्त काळ्या काचा आणि नंबरप्लेट बघतं, चाकांना कायदाच नाही. आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ जे तपशील ठरवलेत आणि नोंदणीत आलेत त्यांच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं, आणि उच्च न्यायालयाने दिलेली सूट काढून घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद कुणाला झाली असेल असं वाटत नाही. दंडही कितीजणांना होतो ते तुम्हीच सांगा.

आणि आता मला जे खरं खुपतं ते. आपल्या गावातल्या पिकअपवाल्याला दर दोन वर्षांनी फिटनेस करून घ्यावं लागतं, गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी. रिफ्लेक्टर पट्टी नाही, टायर गुळगुळीत, लाईट फुटलेली, एकेकाचे पैसे मोजून तो मोशीला जाऊन येतो, धंद्याचा दिवस बुडवतो. टायर तपासलाच पाहिजे, त्यात वाद नाही. चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो रस्त्यावर चालवायचा नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण पन्नास लाखांची खाजगी गाडी? तिची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं. मधे कुणीही तिच्या चाकाकडे वाकून बघत नाही. पीयूसी काढली की झालं, आणि पीयूसीवाला धूर बघतो, चाक नाही. म्हणजे ज्याच्या गाडीवर घर चालतं त्याची तपासणी, आणि ज्याच्या गाडीवर फक्त रुबाब चालतो त्याला मोकळं रान. नाक्यावर हात कुणाला होतो तेही आपण रोज बघतो. कांद्याच्या पिकअपला होतो. काळ्या काचेच्या, बाहेर चाकं काढलेल्या गाडीला होत नाही, कारण आत कोण बसलंय हे पोलिसाला माहीत नसतं. आणि माहीत असलं तर आणखीनच होत नाही.

बाहेरच्या देशात हौस नाही असं नाही. जर्मनीत लोक आपल्यापेक्षा जास्त चाकं बदलतात. पण तिथे रिमला कागद असतो, कोणत्या गाडीला कोणती साईज चालेल ते त्यात लिहिलेलं असतं, त्या कागदाने भागत नसेल तर तपासणी केंद्रात गाडी दाखवायची आणि कागदपत्रांत नोंद करून घ्यायची. अमेरिकेत गाडी उचलण्याचं वेड सगळ्यात मोठं, तिथेही नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये पुढून उचललेल्या आणि मागून दबलेल्या गाड्यांवर बंदी घातली. आपल्याकडे मधला रस्ताच नाही. कागदावर सगळं बंद आणि रस्त्यावर सगळं चालू. ज्याला प्रामाणिकपणे थोडा बदल करून नोंद करायची आहे त्याला सोपी वाट नाही, आणि ज्याला काही करायचं नाही त्याला अडवणारा नाही. हौस असलेल्या पोरांनी खरं तर यावर बोललं पाहिजे.

मला माहितीय खाली काय येणार. "पत्रकार साहेब, ऊसाच्या ट्रॉल्यांवर लिहा की." लिहिलंय, पुन्हा लिहीन. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन ट्रॉल्या आणि गाणी मोठ्याने, तो गुन्हाच आहे. पण शेजाऱ्याच्या घराला कुलूप नाही म्हणून आपण चोरी करायची असं होत नाही. दुसरं येईल, "रस्तेच असले आहेत, मोठे टायर लागतात." अहो, ज्या रस्त्यावर बोलेरो पिकअप दीड टन घेऊन आंबेगव्हाणहून रोज ये-जा करते तिथे तुमच्या गाडीला कंपनीचा टायर पुरत नाही? आणि खरंच खराब रस्त्यासाठी असतील तर बावीसच्या रिमा कशाला टाकल्या, त्या तर खराब रस्त्याला सगळ्यात वाईट.

तिसरं येईल, आणि त्यात दम आहे. "विम्याचं काय?" गाडीत बदल केला आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर कंपनी बोट ठेवू शकते. सर्व्हेअर आधी चाकाकडेच बघतो, ते लपत नाही. तेव्हा एजंटला आज फोन करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर "काय नाय होत शेठ" असं सगळेच म्हणतात.

ज्यांनी टाकलीच आहेत त्यांच्यासाठी. टायरवर साईजच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ११० एच. ११० म्हणजे तो टायर १,०६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा. मड टायरला बऱ्याचदा क्यू असतो, म्हणजे १६०. तुमच्या नव्या टायरवरचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी आहे का ते बघा. कमी असेल तर तो टायर गाडीचं वजन पेलायला बनलेलाच नाही, मग तो कितीही महाग असो. चार आकडी तारीखही बघा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नवा म्हणून जुना माल आपल्याकडे बिनधास्त खपतो. चाक बाहेर काढायला मधे स्पेसर टाकला असेल तर आधी तो काढा, बेअरिंगवर आणि नटांवर नको तो ताण येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक कुठे घासतं का ते दोन्ही बाजूंनी बघा, आणि ते गाडीत पाच माणसं बसवून बघा, रिकामी गाडी खोटं बोलते.

आणि पोलीस, आरटीओ यांना एकच मागणी. पुढच्या वेळी आळेफाटा किंवा ओतूरला नाकाबंदी लागेल तेव्हा एक टेप सोबत ठेवा. काळी काच बघताय, नंबरप्लेट बघताय, वाकून चाकही बघा. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक मोजायला यंत्र लागत नाही. पहिल्या दहा गाड्या कुणाच्या निघतील ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. तरी सुद्धा.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर टायरची साईज आणि हवा लिहिलेली असते. त्याचा एक फोटो आणि गाडीला सध्या जो टायर आहे त्याच्यावरच्या आकड्याचा एक फोटो, दोन्ही कमेंटमध्ये टाका. नंबरप्लेट झाकली तरी चालेल.